खोल समुद्रातला तुटलेला पाइप वर कसा येतो? : वाचकांचे प्रश्न

समुद्रतळावरून तेल आणि नैसर्गिक वायू वाहून नेणाऱ्या पाइपलाइनींविषयी मागच्या अंकात लिहिले होते. त्यात 'पाइप नादुरुस्त झाला तर काही वेळा तो वर काढावा लागतो' असे एक वाक्य ओघात येऊन गेले आणि आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रांनी नेमके तेच वाक्य पकडले. वाचकांची तक्रार रास्त आहे. ज्या कामाच्या तयारीत महिने जातात, ते एका वाक्यात उरकायला नको होते. पाइप टाकणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या जहाजांवर माझी नोकरीची बरीच वर्षे गेली. त्या अनुभवाच्या आधारे निवडक प्रश्नांची उत्तरे देत आहे.

प्रश्न : दोन किलोमीटर खोल पाण्यात पाइप तुटला, तर तो वर ओढण्यासाठी त्याला आकडा कोण अडकवतो? पाणबुडे तिथे पोहोचतात का?

उत्तर : पाणबुडे तिथवर जाऊ शकत नाहीत. पाण्यात दर १० मीटरला दाब साधारण एका वातावरणाएवढा वाढतो, म्हणजे २,००० मीटर खोलीवर तो पृष्ठभागावरील दाबाच्या सुमारे २०० पट असतो. पाणबुड्यांना अनेक दिवस दाबाच्या कोठडीतच ठेवून, हेलियममिश्रित वायूवर श्वास घ्यायला लावून खोल पाण्यात काम करवून घेण्याची पद्धत आहे. परंतु नित्याच्या कामात तिची मजल ३०० मीटरच्या आसपास संपते. फ्रान्समधील कोमेक्स या कंपनीच्या पाणबुड्यांनी १९८८ मध्ये भूमध्य समुद्रात ५३४ मीटरवर काम करून दाखवले, पण तो विक्रम होता, रोजची रीत नव्हे. काळ्या समुद्राच्या तळावरून जाणारी ब्लू स्ट्रीम ही वायूवाहिनी तर सुमारे २,१५० मीटरपर्यंत खाली उतरते.

म्हणून तिथले सगळे काम दूरनियंत्रित यानाकडून करून घ्यावे लागते. जहाजावर त्याला सगळे 'आरओव्ही' म्हणतात. मोटारगाडीएवढे हे यान जाड केबलने जहाजाला जोडलेले असते. त्या केबलमधून खाली वीज जाते आणि वर चित्र येते. त्याला दोन यांत्रिक हात असतात आणि वरच्या खोलीत पडद्यासमोर बसलेला चालक ते हात चालवतो. यानाचा पंखा तळाजवळ जरा जोरात फिरला तरी गाळाचा ढग उठतो, पडदा पिठासारखा पांढरा होतो आणि पाणी निवळेपर्यंत सगळ्यांना हात बांधून बसावे लागते. अशा वेळी ध्वनिलहरींनी पाहणारे सोनार थोडीफार साथ देते, पण बारीक काम त्यावर होत नाही.

आता आकड्याविषयी. पाइपला आकडा अडकवायला काहीच नसते. तो एक गुळगुळीत नळ असतो आणि गंज लागू नये म्हणून त्यावर प्लास्टिकचा किंवा इपॉक्सीचा थर चढवलेला असतो. त्याला दोराचा फास टाकून शेकडो टनांनी ओढले, तर एक तर फास घसरतो, नाही तर फासाच्या जागी पाइप चेपतो आणि मुडपतो. बाहेरून कवटाळणारे जबडे असतात, पण त्यांची पकड लेपावर बसत असल्याने आधी तो लेप खरवडून काढावा लागतो आणि पाइप गाळात रुतलेला असेल तर खालून जबडा जाण्याइतका खड्डाही करावा लागतो. या सगळ्या अडचणींवर सरळ उपाय म्हणजे पाइपला त्याच्या उघड्या तोंडातून, आतून धरणे. त्यासाठी जे अवजार वापरतात त्याला 'पाइप रिकव्हरी टूल' असे नाव आहे; या कामातली माणसे त्याला नुसते 'टूल' म्हणतात आणि मीही पुढे तोच शब्द वापरतो.

टूल म्हणजे पाइपच्या आतल्या व्यासापेक्षा थोडा बारीक असा एक जाडजूड पोलादी दंड. पाइपचे तोंड सहज सापडावे म्हणून त्याचे पुढचे टोक निमुळते असते. दंडाच्या अंगावर एका ठिकाणी उतार कोरलेला असतो आणि त्या उतारावर गोलाकार बसवलेल्या दातेरी पट्ट्या पुढेमागे सरकू शकतात. टूल पाइपमध्ये पुरेसे आत गेले की यानाचा हात एक हायड्रॉलिक नळी त्याच्या खाचेत खुपसतो, तेलाचा दाब देतो आणि त्या दाबाने दातेरी पट्ट्या उतारावरून सरकत बाहेरच्या बाजूला पसरून पाइपच्या आतल्या भिंतीला भिडतात. येथून पुढची करामत पाचरीची आहे. कुऱ्हाडीच्या दांड्यात ठोकलेली पाचर जशी ताणाने सैल न पडता आवळत जाते, तशी वरून दोर ओढू लागला की पट्ट्या उतारावर आणखी चढतात आणि त्यांचे दाते पोलादात आणखी रुततात. म्हणजे ओझे जितके जास्त, तितकी पकड घट्ट. पुढे तेलाचा दाब गेला तरी पकड सुटत नाही. या अवजारामागचा सगळ्यात मोलाचा विचार मला हाच वाटतो, कारण पकड जर केवळ तेलाच्या दाबावर अवलंबून असती, तर एका फुटक्या नळीने शेकडो टनांचा पाइप पुन्हा तळाला गेला असता.

मात्र टूल आत घालण्यापूर्वी पाइपचे तोंड नीट असावे लागते आणि खरा वेळ तिथेच जातो. तुटलेले टोक बहुधा चेपलेले, फाटलेले असते; ते कापून टाकावे लागते. कापायला हिऱ्याचे मणी ओवलेल्या पोलादी तारेची करवत वापरतात. कप्प्यांवरून फिरणारी ही तार काँक्रीटचे अस्तर, लेप आणि पोलाद असे सगळे एका दमात कापत जाते. पाइपमध्ये ताण किंवा दाब साठून राहिलेला असेल, तर अर्धे कापून झाल्यावर फट मिटते आणि तार आत चिमटली जाते, किंवा उलट कापताक्षणी दोन्ही टोके झटक्याने बाजूला जातात. म्हणून पाइप आधी कोणत्या बाजूला वाकला आहे ते पाहून मगच करवत कुठे आणि कशी लावायची ते ठरवतात. त्यानंतर तोंडातला गाळ पंपाने उपसतात, आतून ब्रश फिरवतात आणि व्यास मोजतात.

हे मोजमाप किती महत्त्वाचे आहे ते मी एका कामावर जवळून पाहिले आहे. कापलेले टोक पडद्यावर अगदी गोल दिसत होते. टूल खाली गेले, निमुळते टोक आत शिरले आणि हातभर जाऊन अडले. चालकाने मागे घेऊन पुन्हा घातले, पुन्हा अडले. पडद्यावर टूलच्या कडेने निघालेली लेपाची पिवळी साल पाण्यात तरंगताना दिसत होती आणि खोलीत कोणी बोलत नव्हते. शेवटी मोजपट्टीची चौकट खाली पाठवली, तेव्हा कळले की पाइप उभ्या बाजूने काही मिलिमीटर चेपून लंबगोल झाला होता. अपघाताचा परिणाम आम्ही समजत होतो त्यापेक्षा बराच आतपर्यंत गेला होता. कित्येक मीटर मागे सरकून पुन्हा करवत लावावी लागली, तोवर हवा बिघडली आणि जहाज चार दिवस काम बंद ठेवून उभे राहिले. मोजायला लागले असते ते काही तास. तेव्हापासून पडद्यावर 'गोल दिसतो' या शब्दांवर मी कधीही विश्वास ठेवलेला नाही.

प्रश्न : पाण्यात बुडालेल्या वस्तूचे वजन कमी होते, असे आम्ही शाळेत शिकलो. मग पाइप पाण्यात असताना तो उचलणे एवढे अवघड का? (अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनीचे पत्र)

उत्तर : तुम्ही शिकलात ते बरोबरच आहे, फक्त पाइपच्या आत काय आहे, हा प्रश्न त्याला जोडायला हवा. एक उदाहरण हिशेबाने पाहू. बाहेरचा व्यास ६१० मिलिमीटर आणि भिंतीची जाडी ३२ मिलिमीटर असलेला पाइप घ्या. खोल समुद्रातल्या वायूवाहिनीसाठी हे माप वास्तवाला धरून आहे. लेपाचे वजन सोडून दिले, तर या पाइपच्या एका मीटरमध्ये साधारण ४५६ किलो पोलाद असते. तो एक मीटर सुमारे ३०० किलो समुद्राचे पाणी बाजूला सारतो. म्हणजे पाइप आतून रिकामा असेल तर पाण्यात त्याचे वजन मीटरमागे फक्त १५६ किलो भरते. पण तो फुटला आणि पाण्याने भरला की मीटरमागे आणखी सुमारे २४० किलो पाणी आत येते आणि वजन ३९६ किलोवर जाते.

आता हाच पाइप २,००० मीटर खोलीवरून जहाजापर्यंत लटकला आहे असे समजा. रिकामा असेल तर दोराला किमान ३१२ टन पेलावे लागतील. भरलेला असेल तर ७९२ टन. किमान असे म्हणण्याचे कारण हे की पाइप सरळ उभा लटकत नाही, झोळ घेऊन तळाला टेकतो, त्यामुळे लटकणारी लांबी खोलीपेक्षा जास्त असते आणि ताणही त्या मानाने वाढतो. ३१२ टन उचलणारी जहाजे शोधून सापडतात. ८०० टनांचा ताण तासन्तास, हेलकाव्यांसह धरून ठेवणारी जहाजे जगात मोजकीच आहेत आणि ती बहुतेक वेळा दुसऱ्या कामात गुंतलेली असतात. म्हणून पाइप वर काढणे म्हणजे मुख्यतः पाइपमधले पाणी बाहेर काढणे, असे मी नेहमी सांगत आलो आहे.

हे पाणी काढण्याची सोय टूलमध्येच केलेली असते. दातेरी पट्ट्यांच्या जवळ रबरी सील असतात. पट्ट्या पसरतात तसे तेही पसरून पाइपचे तोंड बंद करतात, आणि टूलच्या पोटातून एक मार्ग बाहेर निघतो ज्यावर झडप बसवलेली असते. मग पाइपच्या दुसऱ्या टोकाकडून, म्हणजे किनाऱ्याकडून किंवा समुद्रात उभ्या असलेल्या तेल-वायूच्या फलाटाकडून, पिग सोडतात. पिग म्हणजे पाइपच्या आत घट्ट बसून पिचकारीच्या दट्ट्यासारखी पुढे सरकणारी गोष्ट. तिच्या मागे दाबलेली हवा किंवा नायट्रोजन असतो, पुढे पाणी. पिग पुढे येते तसे पाणी टूलमधल्या मार्गाने समुद्रात जाते. २,००० मीटर खोलीवर बाहेरचा दाब २०० वातावरणांचा असल्यामुळे वायूही त्याहून अधिक दाबाने ढकलावा लागतो आणि त्यासाठी कॉम्प्रेसरांची मोठी रांग दिवसेंदिवस चालवावी लागते.

येथे दोन गोष्टी सहसा ध्यानात येत नाहीत. पहिली, इतक्या दाबाच्या वायूलाही वजन असते. २०० वातावरणांवर एका घनमीटर हवेचे वजन २०० किलोंच्या वर जाते, त्यामुळे आपल्या उदाहरणातल्या पाइपमध्ये पाण्याच्या जागी मीटरमागे साधारण ५० किलो वायू राहतो आणि दोन किलोमीटरांमागे १०० टनांची भर पडते. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. पाइप वर येऊ लागला की बाहेरच्या पाण्याचा दाब कमी होत जातो, पण आतला वायू तेवढ्याच दाबाने टूलला बाहेर ढकलत राहतो. या पाइपच्या आतल्या छेदावर २०० वातावरणांचा दाब म्हणजे सुमारे ४८० टनांचा रेटा होतो. असे टोक माणसे उभी असलेल्या डेकवर आणणे कोणत्याही परिस्थितीत मान्य करता येत नाही. म्हणून पाणी निघाल्यावर झडप बंद करून वायूचा दाब दुसऱ्या टोकाकडून हळूहळू उतरवतात आणि मगच पाइप उचलतात. दाब उतरवला की पाइपच्या भिंतीवर बाहेरचे पाणी पूर्ण ताकदीने दाबू लागते, तेव्हा राहिलेला पाइप धडधाकट आहे याची खात्री आधीच झालेली असावी लागते. कुठे पोचा राहून गेला असेल तर पाइप तिथून चेपू लागतो आणि ती चेप पाइपच्या लांबीने धावत जाते. ती अडवण्यासाठी पाइप टाकतानाच ठरावीक अंतरावर जाड पोलादी कडी बसवलेली असतात. अपघाताच्या वेळी हीच कडी उरलेली पाइपलाइन वाचवतात.

प्रश्न : बुडालेल्या बोटी हवेच्या पिशव्या बांधून तरंगवतात, तसा पाइप का तरंगवत नाहीत?

उत्तर : उथळ पाण्यात अशा पिशव्या वापरतातही. खोल पाण्यात मात्र त्या धोकादायक ठरतात. २,००० मीटरवर पिशवीत भरलेला एक घनमीटर वायू पृष्ठभागावर येईपर्यंत जवळपास दोनशेपट फुगतो. पिशवी उघडी असेल तर जादा वायू बाहेर पडतो, बंद असेल तर ती फाटते. आणि कोणत्याही पिशवीतून वायू समान प्रमाणात सुटत नसल्यामुळे ओझे एकदा वेगाने वर निघाले की त्याला थांबवता येत नाही. शंभर टनांचा पाइप बेलगाम वर येत आहे आणि वर जहाज उभे आहे, हे चित्रच पुरेसे आहे. शिवाय वर सांगितल्याप्रमाणे त्या खोलीवर वायू स्वतःच इतका जड असतो की पिशवीच्या उचलशक्तीचा साधारण पाचवा भाग त्यातच संपतो.

त्याऐवजी सूक्ष्म पोकळ काचेचे मणी राळेत मिसळून केलेले घट्ट फोमचे ठोकळे वापरतात. ते दाबाने चेपत नाहीत आणि वर येताना फुगतही नाहीत, त्यामुळे त्यांची उचल सगळ्या खोलीवर जवळजवळ सारखी राहते. पाइपचे टोक चिखलातून थोडे वर उचलून धरायला, किंवा जोडाचा भाग हलका करायला हे ठोकळे उत्तम. सगळा पाइप केवळ त्यांच्या बळावर वर आणायचा म्हटले तर ते इतके लागतील की त्यांचाच डोंगर होईल.

प्रश्न : एवढ्या ओझ्याने दोर तुटत नाही का?

उत्तर : दोर ओझ्याच्या हिशेबानेच निवडतात, पण त्याचे स्वतःचे वजन विसरून चालत नाही. १०० मिलिमीटर जाडीच्या पोलादी दोराचे वजन मीटरमागे ४० किलोंच्या घरात असते, म्हणजे ३,००० मीटर दोर सोडला की काहीही न उचलता विंचवर, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या आणि सोडणाऱ्या यंत्रावर, शंभराहून अधिक टन लटकलेले असतात. खोली वाढते तसा दोराचा जोर स्वतःलाच पेलण्यात खर्च होतो. त्यामुळे फार खोल कामांसाठी पाण्यात जवळपास वजनरहित असणारे कृत्रिम धाग्यांचे दोर वापरात आले आहेत. त्यांना मात्र घासण्यापासून आणि कप्प्यावर तापण्यापासून जपावे लागते.

तुटण्याची खरी भीती लाटांची असते. जहाज वर गेले की दोर ताणतो, खाली आले की सैल पडतो, आणि सैल पडलेला दोर पुन्हा झटक्याने ताणला जातो तेव्हा क्षणभर मूळ ओझ्याच्या कितीतरी पट ताण येतो. तो टाळण्यासाठी विंचला हेलकावे मोजून त्याच मापाने दोर सोडणारी आणि ओढणारी यंत्रणा जोडलेली असते. ती नीट चालू आहे की नाही हे पाहणारा माणूस उचल सुरू असताना जागेवरून उठत नाही.

प्रश्न : मुळात हे पाइप तुटतात कशाने?

उत्तर : उथळ आणि मध्यम खोल पाण्यात मोठा शत्रू म्हणजे जहाजाचा नांगर. बाल्टिक समुद्रात फिनलंड आणि एस्टोनिया यांना जोडणारी बाल्टिककनेक्टर ही वायूवाहिनी ८ ऑक्टोबर २०२३ रोजी ओढत गेलेल्या नांगराने फुटली. जवळच तळावर तो नांगरही सापडला, आणि वाहिनी पुन्हा सुरू व्हायला एप्रिल २०२४ उजाडला. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्याजवळ २००७ मध्ये यंग लेडी या जहाजाचा नांगर वादळात घसरत जाऊन कॅट्स या वायूवाहिनीत अडकला आणि त्याने ती जागेवरून सरकवली. त्याच वर्षी नॉर्वेच्या समुद्रात, २०० मीटरांहून अधिक खोलीवर, क्वितेब्यर्न या वायूक्षेत्राची वाहिनी नांगराने ओढली गेल्याचे लक्षात आले. ती तेव्हा फुटली नव्हती. ऑगस्ट २००८ मध्ये मात्र त्याच दुखावलेल्या जागी गळती सुरू झाली. नुसता पोचा पडलेल्या पाइपकडेही दुर्लक्ष करू नये, हे मी नव्या लोकांना याच उदाहरणाने सांगतो.

दोन हजार मीटरवर नांगर पोहोचत नाही. तिथे कारणे वेगळी असतात. उतारावरचा गाळ घसरून पाइप वाहून नेतो. सप्टेंबर २००४ मधल्या आयव्हन या चक्रीवादळाने मिसिसिपीच्या मुखाजवळ असेच गाळाचे लोट सुटले होते. पुढच्याच वर्षी कॅट्रिना आणि रीटा या दोन वादळांनी मेक्सिकोच्या आखातात ४५७ पाइपलाइनींचे नुकसान केले, अर्थात त्यांतल्या बहुतेक उथळ पाण्यातल्या होत्या. खोल पाण्यात पाइप हातचा जाण्याची आणखी एक वेळ म्हणजे तो टाकण्याचीच वेळ. जहाजावरून खाली उतरणारा पाइप तळाजवळ वाजवीपेक्षा जास्त वाकून मुडपला आणि मुडपताना फाटला, तर पाणी आत शिरते, लटकणाऱ्या भागाचे वजन पाहता पाहता दुपटीच्या पुढे जाते आणि जहाजाच्या पकडींना तो धरून ठेवता येत नाही. मग तो सोडावा लागतो. म्हणून खोल पाण्यात पाइप टाकायला निघालेल्या जहाजावर त्या पाइपच्या मापाचे टूल पहिल्या दिवसापासून तयार असावे, असा माझा आग्रह असतो.

प्रश्न : पाइप वर न आणता जागेवरच दुरुस्त करता येत नाही का?

उत्तर : करता येतो आणि शक्य असेल तिथे तसेच करावे. बारीक भोक किंवा भेग असेल, पाइपचा गोलावा टिकून असेल, तर दोन अर्ध्या भागांची पोलादी पट्टी बाहेरून आवळून तिच्या सीलने गळती बंद करतात. नुकसान मोठे असेल तर तेवढा तुकडा कापून काढतात आणि दोन्ही टोकांना जोड बसवून मधे नवा तुकडा घालतात. त्यासाठी पाइप तळापासून हात-दोन हात उचलून धरावा लागतो. ते काम उचलचौकटी करतात: चिखलात रुतू नयेत म्हणून रुंद तळव्यांवर उभ्या असलेल्या, मधे चिमटा असलेल्या या चौकटी पाइपच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून बसवतात. त्यांच्यामुळे करवतीला, लेप काढणाऱ्या पाण्याच्या झोताला आणि वेल्डिंगच्या सांध्याचा उंचवटा घासून सपाट करणाऱ्या अवजाराला पाइपच्या चहूबाजूंनी जागा मिळते. हा उंचवटा राहिला तर सील बसत नाही. बोटाच्या पेराएवढ्या उंचवट्यापायी सगळी जोडणी पुन्हा करावी लागल्याचे मला ठाऊक आहे.

वर काढण्याचा मार्ग तेव्हा निवडतात जेव्हा जोड पाण्याखाली भरवशाने बसवणे शक्य नसते. अशा वेळी एक टोक वर आणून डेकवर त्याला जोडणीचा सांगाडा वेल्ड करतात, टोक पुन्हा तळावर ठेवतात, मग दुसऱ्या टोकाचे तसेच करतात आणि शेवटी दोन सांगाड्यांमध्ये मोजून तयार केलेला जोडपाइप बसवतात. डेकवरचे वेल्डिंग डोळ्यांनी पाहता येते, किरणांनी तपासता येते, हा याचा मोठा फायदा. मात्र पाइपवरून दुसरी वाहिनी ओलांडून गेली असेल, किंवा तो खोल गाडला गेला असेल, तर हा मार्ग बंद होतो.

कोणताही मार्ग घेतला तरी पाइपमधला माल आधी बाहेर काढणे आणि आत शिरलेल्या खाऱ्या पाण्याचा बंदोबस्त करणे चुकत नाही. वायूवाहिनीत पाणी शिरले तर तळाच्या चारेक अंश सेल्सिअसच्या थंडीत आणि त्या दाबाखाली वायू आणि पाणी मिळून बर्फासारखा घट्ट बोळा तयार होतो. एका बाजूचा दाब घाईने उतरवला, तर हा बोळा बंदुकीच्या गोळीसारखा पाइपमधून सुटतो. तो विरघळवायला मिथेनॉल किंवा ग्लायकोल सोडतात आणि दाब दोन्ही बाजूंनी सारखा उतरवतात. येथे घाई करणाऱ्या माणसाला कामावरून बाजूला केलेले मी पाहिले आहे आणि तो निर्णय योग्यच होता.

प्रश्न : वापर संपलेले पाइपही असेच वर काढतात का?

उत्तर : काही काढतात, पुष्कळसे आतून स्वच्छ करून, टोके बंद करून किंवा गाडून तळावरच ठेवतात. ते त्या त्या समुद्राच्या नियमांवर आणि पाइपच्या स्थितीवर ठरते. गंजून पातळ झालेला पाइप आतून धरून ओढला तर भिंत फाटण्याचा धोका असतो, म्हणून असे पाइप बहुधा तळावरच तुकडे करून टोपल्यांमधून वर आणतात.

प्रश्न : ही अवजारे अपघात झाल्यावर बनवून घेता येत नाहीत का? वर्षानुवर्षे पडून राहणाऱ्या वस्तूंवर खर्च कशाला? (एका निवृत्त हिशेबनिसाचे पत्र)

उत्तर : प्रश्न खर्चाच्या बाजूने रास्त आहे आणि मी त्याचे उत्तर तितक्याच गांभीर्याने देतो. टूल पाइपच्या आतल्या व्यासाला काही मिलिमीटरच्या हिशेबाने बेतलेले असते. एका मापाचे टूल दुसऱ्या मापाला चालत नाही. एकाच वाहिनीत भिंतीची जाडी बदलली तर आतला व्यासही बदलतो आणि वेगळ्या पट्ट्या लागतात. त्यासाठी लागणारे जाड, निर्दोष घडीव पोलाद कारखान्याकडून मिळायलाच अनेक महिने लागतात. त्यानंतर तासकाम, ठरलेल्या ओझ्यापेक्षा जास्त ओझे देऊन केलेली चाचणी आणि खऱ्या पाइपच्या तुकड्यात घालून पाहिलेली तालीम. हे सगळे अपघातानंतर सुरू केले, तर उघड्या तोंडाचा पाइप तेवढे महिने खाऱ्या पाण्याने भरून पडून राहतो आणि आतून गंजत जातो. दुरुस्त होऊ शकणारी वाहिनी या उशिराने कायमची जाते.

खर्च वाटून घेणे हा त्यावरचा शहाणा मार्ग आहे. नॉर्वेने हा मार्ग १९८० च्या दशकापासून धरला आहे: तिथल्या हाउगेसुंद गावाजवळ पाइप दुरुस्तीच्या अवजारांचे सामाईक भांडार आहे आणि अनेक वाहिन्यांचे मालक त्याचे वाटेकरी आहेत. करवती, उचलचौकटी, जोड, वेल्डिंगची यंत्रे अशा सगळ्या वस्तू तिथे वापरायोग्य स्थितीत ठेवतात आणि अधूनमधून चालवून पाहतात. मेक्सिकोच्या आखातातल्या कंपन्यांनीही अशीच भागीदारी केली आहे. पडून राहिलेले टूल म्हणजे वाया गेलेला पैसा नव्हे; मात्र पडून राहिलेले आणि कोणी न तपासलेले टूल म्हणजे खात्रीने वाया गेलेला पैसा. रबरी सील काही वर्षांत कडक होतात, झडपा जाम होतात आणि ज्यांनी ते चालवले ती माणसे निवृत्त होतात. तेव्हा दरवर्षी टूल पाइपच्या तुकड्यात घालून, ओझे देऊन, पुन्हा सोडवून पाहण्याचा खर्च हिशेबनिसांनी कधीही कापू नये, ही माझी त्यांना मनापासून विनंती आहे.

प्रश्न : शेवटचा प्रश्न. ओझ्याने पकड घट्ट होत जाते असे आपण एका चर्चेत म्हणाला होतात. मग पाइप वर आल्यावर टूल सुटते कसे? आणि वाटेत चुकून सुटले तर?

उत्तर : वाटेत ते सुटत नाही याचे कारण तुमच्या प्रश्नातच आहे. पट्ट्या उतारावरून मागे सरकल्याशिवाय पकड ढिली होत नाही आणि ओझे लटकत असेतोवर त्या मागे सरकूच शकत नाहीत; कोणी चुकून सोडवण्याच्या नळीत दाब दिला तरीही नाही. उचलण्यापूर्वी पट्ट्या पुरत्या बसल्या आहेत हे पाहण्यासाठी टूलच्या बाहेरच्या टोकाला एक दांडी असते. पट्ट्या पसरतात तशी ती बाहेर सरकते आणि तिच्यावर रंगाचे पट्टे असतात. यान जवळ जाऊन तो रंग दाखवते, त्यानंतर थोडा ताण देऊन काही वेळ थांबतात आणि रंग पुन्हा पाहतात. दांडी हलली नसेल तरच विंचला पुढचा हुकूम मिळतो.

वर आल्यावर पाइप जहाजावरच्या पकडीत बाहेरून जखडतात आणि त्याचे सगळे ओझे त्या पकडीवर घेतात. दोर सैल झाला की टूलवर ताण उरत नाही. मग सोडवण्याच्या बाजूने तेलाचा दाब देतात. आत पट्ट्या सुटल्याचा एक जड, बोथट आवाज पाइपमधून ऐकू येतो आणि टूल क्रेनने सरळ बाहेर निघते. पाइपच्या आत विजेरी धरली तर दात्यांच्या खुणा गोलाकार, एकसारख्या उमटलेल्या दिसतात. एका बाजूला खोल आणि दुसऱ्या बाजूला उथळ अशा दिसल्या तर टूल तिरके बसले होते असे समजायचे आणि नोंदवहीत तसे लिहून ठेवायचे. खुणा पडलेला तेवढा तुकडा कापून बाजूला ठेवतात आणि उरलेल्या स्वच्छ टोकावर वेल्डर कामाला लागतात.